दोन टक्के म्हणजे नक्की किती? बचत गटांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत हिशोबाचे प्रश्न जास्त आहेत, त्याखालोखाल पापडाचे. हिशोबापासूनच सुरुवात करू.

आमच्या गटात अंतर्गत कर्जाला महिना दोन टक्के व्याज आहे. दहा हजार घेऊन दहा महिन्यांत फेडणाऱ्या बाईकडून आम्ही दोन हजार व्याज घेतो. शेजारच्या गटात तेवढ्याच कर्जाला अकराशेच घेतात आणि तेही म्हणतात, आमचे दोन टक्केच. चुकतेय कोण?
– वाचक, जि. सोलापूर

गणितात कोणीच चुकत नाही. तुमचा ठराव अर्धवट लिहिला गेला आहे. ‘दोन टक्के’ कशावर, हे त्यात नाही.

तुम्ही व्याज मूळ रकमेवर धरता. दर महिन्याला २०० रुपये, दहा महिन्यांचे २,०००. पण पाचव्या महिन्यात त्या बाईकडे सहा हजारच उरलेले असतात आणि व्याज मात्र दहा हजारांचे चालू असते. शेजारचा गट शिल्लक मुद्दलावर धरतो: पहिल्या महिन्यात १०,००० चे २००, मग ९,००० चे १८०, मग १६०, असे उतरत शेवटच्या महिन्यात २०. बेरीज १,१००. तुमच्या पद्धतीने बाई १,२०० चे दहा हप्ते भरते. शिल्लक रकमेच्या हिशोबाने हा व्याजदर महिना साडेतीन टक्क्यांच्या जवळ जातो. तिला सांगितलेले असते दोन.

मूळ रकमेवरच्या व्याजाचा खरा तोटा वेगळाच आहे. कांद्याचे किंवा दुधाचे पैसे आले म्हणून एखादीने चौथ्या महिन्यात पाच हजार एकदम भरले, तरी तिचे व्याज कमी होत नाही. मग ती लवकर कशाला भरेल? पैसे तिच्याकडे पडून राहतात आणि पेरणीच्या तोंडावर दुसरी बाई कर्ज मागायला आली की गटात पैसे नसतात.

बदलताना एक गोष्ट बैठकीत उघड बोला. शिल्लक मुद्दलावर गेलात की एका कर्जामागे गटाची व्याजाची जमा ९०० रुपयांनी घटते. ज्या बायका नुसती बचत करतात, कर्ज घेत नाहीत, त्यांचा नफ्यातला वाटा कमी होणार. हे आधी सांगितले नाही तर सहा महिन्यांनी भांडण ठरलेले. ठराव असा लिहा: ‘अमुक तारखेपासून दिलेल्या नवीन कर्जांना महिना दोन टक्के दराने, महिन्याच्या सुरुवातीच्या शिल्लक मुद्दलावर व्याज.’ जुनी कर्जे जुन्याच पद्धतीने संपू द्या. मध्येच दोन्ही पद्धती एका कर्जाला लावल्या की लिपिकेचा गोंधळ होतो. प्रत्येकीच्या पासबुकात मुद्दल, व्याज आणि शिल्लक असे तीन रकाने आखा. ‘हप्ता १,२००’ एवढीच नोंद असेल तर वर्षाने कोणालाच काही उलगडत नाही.

एक सदस्य मुलाकडे कायमची राहायला चालली आहे. तिला काय द्यायचे? काही जणी म्हणतात नुसती बचत द्या, काही म्हणतात बँकेतल्या शिलकेचा बारावा हिस्सा द्या.
– वाचक, जि. परभणी

दोन्ही चूक. बँकेतल्या शिलकेत सरकारी अभियानाकडून गटाला मिळालेला फिरता निधी असतो, कधी ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडून, कर्जासाठी आलेला सामुदायिक गुंतवणूक निधी असतो, बँकेचे कर्जही असते. यांतले काहीच वाटायचे नसते. तिच्या हक्काचे दोनच आकडे: तिची बचत आणि नफ्यातला वाटा.

तुम्ही कळवलेले आकडे घेऊ. १२ जणी, महिना २०० रुपये, ३० महिने. प्रत्येकीची बचत ६,०००. आजवर मिळालेले व्याज १५,६०० आणि दंड ६००, म्हणजे १६,२००. वह्या, बँकेचे जाणे-येणे वगैरे खर्च १,८००. नफा १४,४००. सगळ्या पहिल्यापासून असतील तर प्रत्येकीला १,२००. हातात आलेले व्याजच धरा. येणे असलेले व्याज धरले तर जे पैसे अजून आलेच नाहीत ते तुम्ही वाटून बसाल. तिच्यावर ३,५०० मुद्दल बाकी आहे, त्यावर महिन्याचे ७० रुपये व्याज. म्हणून ६,००० + १,२०० – ३,५७० = ३,६३० रुपये. शेवटचे हे ७० रुपये गटाच्या पुढच्या महिन्याच्या जमेत जातील.

एखादी उशिरा आलेली असेल तर सरसकट बारा भाग करू नका. बचत किती आणि ती किती महिने गटात राहिली, याचा गुणाकार करा. महिना २०० भरत ३० महिने राहिलेलीचे पहिले २०० रुपये ३० महिने वापरले गेले, दुसरे २९ महिने, असे खाली एकपर्यंत. ही बेरीज ४६५, गुणिले २०० म्हणजे ९३,०००. शेवटचे १२ महिनेच असलेलीचे ७८ गुणिले २००, म्हणजे १५,६००. अकरा जुन्या आणि एक नवी धरली की एकूण १०,३८,६००. या प्रमाणात १४,४०० वाटले तर जुनीला १,२८९ आणि नवीला २१६. पाच रुपये उरतात, ते गटातच राहू द्या.

बँकेचे कर्ज चालू असताना कोणी गेली तर बँकेला लेखी कळवा. ती सही करणारी असेल तर आधी नव्या सहीचा ठराव करून तो बँकेत द्या आणि मगच पैसे द्या. उलट झाले की खाते अडकते आणि सहीसाठी तिला दुसऱ्या जिल्ह्यातून बोलवावे लागते.

गटाला आठ महिने झाले. बँक म्हणते खाते उघडून सहा महिने होऊ द्या, शिवाय वीस हजारांची मुदत ठेव ठेवा, मग कर्ज.
– वाचक, जि. नंदुरबार

ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या (बचत गटांसाठीच्या सरकारी योजनेतल्या) गटांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत. सहा महिने मोजायचे ते गटाच्या वह्यांनुसार. खाते कधी उघडले याच्याशी त्याचा संबंध नाही. दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, बचत खात्यावर बोजा नाही आणि ठेवीचा आग्रहही धरता येत नाही. आधी बँक सखीला, म्हणजे बँकेच्या कामात गटांना मदत करणाऱ्या ताईला, घेऊन शाखेत जा. न जमल्यास तालुका अभियान कक्षामार्फत लेखी विचारा. तोंडी वादाचा उपयोग होत नाही.

मात्र वह्या घेऊन जाल तेव्हा त्या अधिकाऱ्याच्या नजरेने आधी चाळा. आठ महिन्यांच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच वळणात दिसल्या तर वही एका रात्रीत लिहिल्याचे कोणालाही कळते. बँकेत पैसे साठवून ठेवले आणि अंतर्गत कर्जच दिले नाही, हेही बँकेच्या तपासणीतले गुण कमी करते. पुष्कळ गटांना ते शिस्तीचे वाटते. पंचसूत्रीत, म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि वह्या या गटाच्या पाच नियमांत, बचतीइतकेच अंतर्गत कर्जाला महत्त्व आहे.

रोख पतमर्यादेत (बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलायच्या कर्जात) पहिल्या वर्षी उचल गटनिधीच्या सहा पट किंवा दीड लाख, यांतली जास्त असेल ती. गटनिधीत बचत, व्याज आणि फिरता निधी धरतात. मंजूर झाले म्हणून सगळे एकदम उचलू नका, व्याज उचललेल्या रकमेवरच लागते. आणखी एक: अभियानातल्या गटांना तीन लाखांपर्यंत वर्षाला सात टक्क्यांनी कर्ज मिळते. तेच पैसे आत महिना दोन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला चोवीस टक्क्यांनी दिले, तर सावकार बदलला एवढेच झाले. बँकेच्या पैशाला आत महिना एक टक्का पुरतो.

आमचे उडदाचे पापड कधी पाकिटात बुरशी धरतात, कधी नेताना तुटतात. तळले की लाल पडतात. माप काय घ्यावे?
– वाचक, जि. जळगाव

तीन तक्रारी आहेत आणि कारणे दोन: ओलावा आणि पापडखार.

एक किलो उडीद डाळीच्या पिठाला मीठ ५० ते ६० ग्रॅम, पापडखार ३५ ते ४०, जाडसर मिरी २५, हिंग १० ग्रॅम आणि पाणी ४०० ते ४५० मिलिलिटर. मीठ आणि पापडखार पाण्यात उकळून, थंड करून, गाळून घ्या. कोरडा खार पिठात टाकला की तो सारखा मिसळत नाही आणि त्या जागी पापडावर लाल डाग येतात. खाराची ताकद दुकानागणिक बदलते, म्हणून नवीन पाकीट फोडले की आधी पाव किलोचा घाणा करून चार पापड तळून बघा. सगळा पापड लाल पडत असेल तर खार पाच ग्रॅमने कमी करा. तेल धुरावले असेल तरीही लाल पडतो, तेवढे आधी तपासा. पीठ घट्ट भिजवून दोन-तीन तास झाकून ठेवा, मग तेलाचा हात लावून कुटा. कुटण्यात कसूर झाली की लाटताना कडा चिरतात. बारा ग्रॅमच्या लाट्या केल्या तर किलोला सव्वाशेच्या आसपास पापड होतात.

ओलावा १२ ते १५ टक्के हवा. यंत्र नसले तरी वजनकाटा पुरतो. एक किलो पिठाच्या वरच्या मापातून वाळलेले पापड साधारण १.१५ ते १.२ किलो भरायला हवेत. १.३ किलो भरले तर आत पाणी आहे, पावसाळ्यात बुरशी येणारच. १.१ च्या खाली गेले तर पापड काचेसारखा तुटेल. प्रत्येक घाण्याचे वजन वहीत लिहा.

कडक उन्हात पूर्ण वाळवू नका. अर्धवट वाळले, वाकवता येताहेत असे दिसले की सावलीत आणा, चवड लावून वर सपाट वजन ठेवा, मग पुन्हा पसरा. कोमट असताना पाकीटबंद केले तर आतल्या आत पाणी सुटते.

पाकिटावर चौदा अंकी अन्न नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख आणि हिरवा ठिपका हवा. किंमत काढताना लाटणारीची मजुरी किलोमागे आधी ठरवून खर्चात धरा. बहुतेक गट ती धरत नाहीत आणि मग ‘नफा’ म्हणून जे उरते ती खरे तर बायकांची न दिलेली मजुरी असते.

बैठकीत रक्कम गोळा होते, लिपिका ताई वह्या घरी नेऊन लिहितात. चालेल?
– वाचक, जि. सातारा

नाही. मागील शिल्लक वाचून दाखवायची, जमा घेत घेत लिहायचे, कर्ज द्यायचे, मग आजची शिल्लक काढून तेवढ्याच नोटा सगळ्यांसमोर मोजायच्या. दहा रुपयांचा फरक असला तरी तिथेच शोधा. घरी गेल्यावर तो सापडत नाही. लिपिकेचे मानधन थकवू नका, नाहीतर वह्याही थकतात.

गटात २३ जणी झाल्या आहेत. काय करावे?
– वाचक, जि. रत्नागिरी

गट १० ते २० जणींचा असतो. तुमचे दोन करा, एका वाडीतल्या एकीकडे. निघणाऱ्यांची बचत आणि नफा वर सांगितल्याप्रमाणे काढून नव्या गटाच्या खात्यात भरा. थकबाकी असलेली सदस्य जिकडे जाईल, तिकडे तिची बाकीही जाईल, असा ठराव दोन्ही वह्यांत लिहा. बँक नव्या गटाचे सहा महिने त्याच्या स्वतःच्या पहिल्या बैठकीपासून मोजेल.