प्रवाळ मेले म्हणून विक्रेत्याला नोटीस पाठवण्याआधी

प्रश्न: ठाण्यात माझा चार फुटी रीफ टँक (प्रवाळ पाळायचा खाऱ्या पाण्याचा टँक) आहे. डिसेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर ओळख झालेल्या एका विक्रेत्याकडून अ‍ॅक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा या प्रवाळांच्या सहा कॉलनी ६८,००० रुपयांना घेतल्या. पैसे यूपीआयने दिले, बिल घेतले नाही. दुसऱ्याच रात्री एका कॉलनीची टिश्यू सुटू लागली आणि सकाळपर्यंत सहाही पांढऱ्याफटक. विक्रेता म्हणतो, तुमच्या पाण्यात दोष. सात दिवसांची गॅरंटी त्याने स्वतः मेसेजवर लिहून दिली होती. माल टँकमध्येच वाढवलेला आहे, समुद्रातला नाही, हेही त्याने लिहिले आहे. सांगाडे मी पुरावा म्हणून डब्यात जपून ठेवलेत. ग्राहक आयोगात जाऊ का? आधी वकिलाची नोटीस पाठवू का?

उत्तर: नोटीस पाठवू नका. आयोगातही जाऊ नका. कारण ऐकून तुम्हाला धक्का बसेल, पण तो आत्ता बसलेला बरा.

अशी पत्रे मला सतत येतात. कोणी ‘आरटीएन झाला’, म्हणजे टिश्यू झपाट्याने मेली, म्हणतो, कोणी ‘रात्रीत सोलून निघाले’ म्हणतो. अल्कॅलिनिटी किती होती, चिलर किती अंशांवर लावला होता, स्किमर कुठला, हे सगळे त्यात तपशीलवार असते. तुमच्या पत्राचा मोठा भागही असाच होता, तो मी वर गाळला आहे. ही वस्तू घरात ठेवायला परवानगी लागते का, एवढे मात्र कोणीच विचारत नाही. साठ-सत्तर हजार मोजताना हा प्रश्न मनात यायला हवा होता.

अ‍ॅक्रोपोरा आणि मॉन्टिपोरा दोन्ही स्क्लेरॅक्टिनिया या गणात मोडतात. खडक बांधणाऱ्या कठीण प्रवाळांचा हा अख्खा गण केंद्र सरकारने जुलै २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये घातला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू झाल्या, तरी कठीण प्रवाळ अनुसूची १ मध्येच राहिले. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीतला जीव तुम्ही यूपीआयने विकत घेतला आहे.

आता ‘टँकमध्ये वाढवलेला’ या मेसेजकडे वळू. तुमची सगळी भिस्त त्यावर आहे आणि नेमका तोच तुमच्या उपयोगाचा नाही. कायद्याच्या कलम २ मधली बंदिस्त प्राण्याची व्याख्या वाचा. अनुसूचीतला जो प्राणी पकडला, पाळला किंवा बंदिवासात पैदा केला, तो बंदिस्त प्राणी. म्हणजे फ्रॅग (कॉलनीतून कापून वाढवलेला तुकडा) कोणाच्या टँकमध्ये वाढला असला, तरी तो व्याख्येच्या आतच राहतो. आणि कलम ४० च्या पोटकलम २ प्रमाणे अनुसूची १ मधला असा प्राणी मिळवायला, ताब्यात ठेवायला, विकायला किंवा दुसऱ्याला द्यायला मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी घेतलेली लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात हे अधिकारी नागपूरला बसतात. तुमच्याकडे परवानगी नाही, विक्रेत्याकडेही नसणार. सगळे प्रकरण या एका पोटकलमावर उभे आहे, बाकीचे मुद्दे त्यानंतर.

एक युक्तिवाद करता येतो, तो लपवून ठेवत नाही. ‘वन्य प्राणी’ची व्याख्या निसर्गात आढळणाऱ्या प्राण्यांबद्दल बोलते, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या टँकमध्ये कापून वाढवलेल्या परदेशी फ्रॅगला ती कशी लागू होईल, असे म्हणता येते. वकील म्हणून तो मी कोर्टात मांडेनही. पण त्याच्या भरवशावर अशिलाला स्वतःहून कोर्टाची पायरी चढायला सांगणार नाही. शिवाय माल टँकमधला होता, हे सिद्ध कशाने करणार? कलम ५७ प्रमाणे ताबा दिसला की तो बेकायदा आहे असेच कोर्ट गृहीत धरते आणि उलटे सिद्ध करणे आरोपीवर येते. तुमच्या हातात बिल नाही, आयातीचा कागद नाही, आहे तो फक्त एका विक्रेत्याचा मेसेज. बिल न घेण्याचा निष्काळजीपणा इथे तुम्हाला सर्वांत महाग पडतो.

ग्राहक तक्रारीत काय लिहावे लागते, ते डोळ्यांपुढे आणा. पहिल्याच परिच्छेदात, तक्रारदाराने अमुक तारखेला अ‍ॅक्रोपोरा व मॉन्टिपोरा या प्रवाळांच्या सहा कॉलनी विकत घेतल्या. सोबत यूपीआयची पावती, फोटो आणि या सगळ्याला दुजोरा देणारे तुमच्या सहीचे प्रतिज्ञापत्र. म्हणजे अनुसूची १ चा प्राणी विकत घेतल्याचा तुमचा कबुलीजबाब, तुमच्याच खर्चाने तयार केलेला. नोटिशीचेही तेच. कलम ५५ प्रमाणे वन्यजीव गुन्ह्याची तक्रार कोर्टात वनखात्याचे अधिकारी करतात, पण ६० दिवसांची नोटीस देऊन कोणीही सामान्य माणूस ती करू शकतो. उद्या तुमच्याशी भांडण झालेल्या कोणाच्याही हाती तुमचे ते कागद पडले तर काय होईल, याचा विचार करा.

बदल्यात मिळणार काय? जवळजवळ काहीच नाही. कायद्याने मना केलेल्या वस्तूचा सौदा करार कायद्याच्या कलम २३ खाली शून्य ठरतो, आणि शून्य सौद्यातली गॅरंटी वसूल करून द्यायला आयोग सहसा तयार होत नाही.

क्षणभर धरून चालू की माल कायदेशीर होता. तरी दोष कोणाचा, हे ठरवणे फार अवघड गेले असते. टिश्यू अशी तासांत सुटण्यामागे प्रवासातला ताण, क्षारतेतला फरक, अल्कॅलिनिटीची अचानक उडी, जास्त प्रखर दिवे, व्हिब्रिओसारखे जिवाणू किंवा टिश्यू खाणारे सूक्ष्मजीव यांपैकी काहीही असू शकते, आणि अनेकदा दोन-तीन गोष्टी एकत्र असतात. वस्तूतला दोष चाचणीशिवाय कळत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवतो. तुमच्याकडे उरलेत कोरडे सांगाडे. गेलेल्या टिश्यूची तपासणी त्यांवरून कोण आणि कशी करणार? तक्रार तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे तारखा पडतात, आणि कायद्याने दिलेली मुदत सर्रास अशी वाया जाते याची मला मनापासून चीड आहे. तुम्ही तर त्या तारखांना आरोपी होण्याची जोखीम घेऊन उभे राहाल.

शिक्षेचे नीट समजून घ्या. अनुसूची १ च्या प्राण्याबाबत कलम ५१ खाली किमान तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. जिथे किमान कैद ठरवून दिली आहे तो गुन्हा कलम ५४ खाली रक्कम भरून मिटवता येत नाही. ‘दंड भरून सोडवू’ असे सांगणारे भेटतील, त्यांचे ऐकू नका.

उशिराचेही सांगतो. कायदा मोडून पाळलेला असा प्राणी कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता ठरतो, जिवंत असो वा मेलेला. तो ज्याच्या ताब्यात येतो त्याने ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे असते. तुम्ही डिसेंबरपासून डबा कपाटात ठेवून बसला आहात. ज्याला तुम्ही पुरावा म्हणता, तो वनखात्याच्या पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून लिहिला जाईल. म्हणून घाबरून तो खाडीत टाकू नका, कचऱ्यात देऊ नका. मेसेज पुसू नका. पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि आज निष्काळजी दिसणारा माणूस त्यानंतर लबाड दिसतो.

टँकमध्ये हॅमर आणि टॉर्च हे प्रवाळ अजून जिवंत आहेत, असे पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरते लिहिले आहे. तेही स्क्लेरॅक्टिनियाच. ते मित्राला देऊन मोकळे होऊ नका. दिले की तुमचा आणखी एक गुन्हा, आणि घेणारा मित्रही त्यात अडकतो. फ्रॅग करून वाटणे तर अजिबात नको.

काही वाचक विचारतात, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करून हे नियमित होईल का. ती नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार अनुसूची ४ मधल्या, म्हणजे ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे अशा, जिवंत प्राण्यांसाठी आहे. प्रवाळासारखा जीव अनुसूची १ मध्येही असेल तर त्याला अनुसूची १ चेच नियम लागतात. परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठीच्या २०२० च्या ऐच्छिक जाहीरनाम्याच्या योजनेतूनही अनुसूचीतले प्राणी वगळलेले होते. कलम ४२-अ खाली प्राणी सरकारजमा करता येतो, पण ती सोय मालकीचे प्रमाणपत्र असलेल्यांना. तुमच्याकडे ते नाही.

मग करायचे काय? वन्यजीव खटले चालवणारा फौजदारी वकील या आठवड्यातच गाठा. त्याच्या सल्ल्याने, त्याच्यामार्फत उपवनसंरक्षकांना लेखी कळवून प्रवाळ आणि सांगाडे ताब्यात घ्यायला सांगणे, हा मला त्यातल्या त्यात सरळ मार्ग वाटतो. त्याने गुन्हा पुसला जात नाही, आणि खाते पुढे काय करील याची हमी मी देऊ शकत नाही. तरी स्वतःहून कळवणारा आणि धाडीत सापडणारा यांत जामिनाच्या वेळी फरक पडतो, असा माझा अनुभव आहे. त्याआधी अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा का, हे वकील ठरवील. एकट्याने वन कार्यालयात जाऊन जबाब देऊ नका. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने कलम ५० खाली आरोपीसमोर नोंदवलेला पुरावा खटल्यात ग्राह्य धरता येतो, आणि पोलिसांसमोरच्या कबुलीला जे संरक्षण आहे ते इथे तसेच मिळेल असे समजू नका.

विक्रेता मोकळा सुटतो याचा तुम्हाला राग आहे, आणि तो रास्त आहे. त्याची माहिती याच निवेदनात द्या, मेसेज आणि पावतीसकट. ६८,००० परत येणार नाहीत, पण त्याचा धंदा थांबू शकतो. ते व्हावे असे मला फार वाटते. आपल्याकडे मोठे प्रवाळखडक आहेत ते कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारला, थोडे प्रवाळ आपल्या मालवणलाही. प्रवाळाचे काही प्रकार वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. २०२४ च्या उन्हाळ्यात समुद्र तापून लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. असल्या काळात ‘टँकमधला माल’ म्हणत कोणी काय विकतो, हे गिऱ्हाइकाने विचारलेच पाहिजे.

इतर वाचकांसाठी थोडे. झोअँथिड आणि मशरूम (टँकमध्ये ठेवले जाणारे, कठीण सांगाडा नसलेले प्रवाळासारखे जीव) स्क्लेरॅक्टिनियात येत नाहीत, पण त्यांच्या आयातीचे कागद हा वेगळा प्रश्न आहे, तो प्रत्येकाचा बघावा लागेल. सी फॅन, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रघोडे अनुसूची १ मध्ये आहेत.

आणि ठाणेकर, हॅमर-टॉर्च ताब्यात दिले जाईपर्यंत चिलर आणि दिवे बंद करू नका, पाणी नेहमीसारखेच सांभाळा. वकिलाकडे जाताना टँकमधल्या प्रत्येक जिवाचे शास्त्रीय नाव, घेतल्याची तारीख, कोणाकडून आणि किती रुपयांना घेतला याची यादी आणि त्याचा फोटो सोबत न्या. पैशांच्या व्यवहाराचे बँक स्टेटमेंटही न्या. ती यादी व्हॉट्सअ‍ॅपवर कोणालाही पाठवू नका.