शंभरच्या स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे, ताई

प्रश्न थोडक्यात असा. मूळच्या कागल तालुक्यातल्या एका ताईंचं 2017 ला लग्न झालं, 2019 ची मुलगी आहे, नवरा निपाणीचा. 2021 ला पटेना म्हणून दोन्हीकडची जाणती माणसं बसली आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी केली, त्यातच "पोटगी मागणार नाही" असंही लिहून घेतलं. नवऱ्यानं 2023 ला देवळात दुसरं लग्न केलंय. ताई आता मुलीला घेऊन राजारामपुरीत भाड्यानं राहतात, एका दुकानात अकाउंट बघतात. चांगलं स्थळ आलंय, मार्गशीर्षात उरकू म्हणतायत, मुलाकडचे म्हणतात कागद आहे ना मग झालं. तर हा कागद चालतो का?

ताई, नाही चालत. तुम्ही पाठवलेला फोटो मी दोनदा मोठा करून वाचला. नोटरीचं लाल सील आहे, तुमच्या दोघांच्या सह्या आहेत, पाच पंचांची नावं आहेत, "आजपासून पती-पत्नीचे नाते संपुष्टात आले" असं टाइप केलंय, सगळं आहे, फक्त कोर्टाचा हुकूमनामा नाही. हिंदू विवाह कायदा 1955 चा, आणि त्या कायद्याखाली झालेलं लग्न मोडायचा अधिकार पंचांना नाही, नोटरीला तर अजिबातच नाही. नोटरी फक्त सह्या तुमच्याच आहेत एवढं सांगतो. म्हणजे आजच्या तारखेला तुम्ही कायद्यानं त्याच्याच बायको आहात आणि या कागदावर दुसरं लग्न केलंत तर ते लग्न पहिल्या दिवसापासून रद्दबातल, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली गुन्हा, शिक्षा सात वर्षांपर्यंत. घाबरवायला सांगत नाही. माझ्याकडं एक बाई आल्या होत्या, असाच कागद, दुसरा संसार चौदा वर्षं सुखाचा झाला, नवरा वारला आणि पेन्शनच्या वेळी पहिल्या लग्नाचा हुकूमनामा मागितला, तो कुठून आणणार? त्या बाईंचा चेहरा मला अजून दिसतो.

कोणी म्हणेल आमच्यात पहिल्यापासून काडीमोड चालते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 मध्ये रूढीनं होणारा घटस्फोट शाबूत ठेवलाय हे खरं आहे, पण तशी रूढी तुमच्या समाजात खरोखर चालत आलीय हे साक्षीपुराव्यानं सिद्ध करावं लागतं, सुप्रीम कोर्टानं 2002 साली हे स्पष्ट सांगितलंय. म्हातारी माणसं शोधा, साक्षीला उभी करा, उलटतपास सोसा, एवढं करून हाती काय लागेल त्याची खात्री नाही. त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्यासाठी सरळ वाट आहे, संमतीनं घटस्फोट, कलम 13 ब. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, तुमची चार वर्षं झालीत. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं पण सुप्रीम कोर्टानं 2017 च्या अमरदीप सिंग केसमध्ये सांगितलंय की दीड वर्षापेक्षा जास्त वेगळे राहत असाल, समेटाचा प्रयत्न करून झाला असेल आणि पोटगी, मुलांचा ताबा सगळं मिटलेलं असेल तर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं, त्यासाठी वेगळा अर्ज द्यायचा. माफ करायचे की नाही हे जजसाहेबांवर आहे म्हणून तारीख गृहीत धरू नका. निपाणीला हेलपाटे घालायची गरज नाही, बायको जिथं राहते तिथं अर्ज करता येतो, कोल्हापूरच्या फॅमिली कोर्टात करा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, 1987 च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

तो सही करेल का? करेल असं मला वाटतं, कारण त्याचं दुसरं लग्नही याच कागदावर उभं आहे, तो तुमच्यापेक्षा जास्त अडकलाय. पण लगेच पोलीस केसची धमकी देऊ नका, आधी निरोप धाडा, शांतपणे बसा. नाहीच ऐकला तर एकतर्फी अर्ज करायचा, त्याचं दुसऱ्या बाईबरोबर राहणं हेच घटस्फोटाला कारण आहे. त्याला वेळ लागेल, आणि तो हुकूमनामा झाल्यावर अपिलाची 90 दिवसांची मुदत संपेपर्यंत लग्न करता येत नाही. संमतीच्या हुकूमनाम्यावर फॅमिली कोर्ट कायद्यात अपीलच नाही म्हणून तिथं हे थांबणं नसतं.

पोटगी सोडल्याचं जे लिहून घेतलंय त्याचा धसका घेऊ नका. मुलीची पोटगी हा मुलीचा हक्क आहे, तो आईनं सही करून सुटत नाही. संमतीच्या अर्जात मुलीचा ताबा, दर महिन्याची रक्कम, शाळेचा खर्च आकड्यासकट लिहून घ्या.

आणि शेवटी एका ओळीत तुम्ही लिहिलंय, "आईनं घातलेली ठुशी आणि पाटल्या तिकडंच आहेत, जाऊ दे." का जाऊ दे? ते स्त्रीधन आहे, सुप्रीम कोर्टानं 1985 सालीच सांगितलंय की ते बाईचं एकटीचं. गुजरीतल्या सराफाची पावती शोधा, नाही सापडली तर लग्नाच्या अल्बममध्ये गळ्यात ठुशी दिसणारे फोटो काढून ठेवा, आणि दागिने परत द्यायची अट अर्जातच घाला.

घरचे म्हणतात कोर्टाची पायरी चढू नये. ज्या करवीरात शाहू महाराजांनी 1919 सालीच बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला तिथल्या लेकीनं कायद्याकडं जायला लाजायचं कशाला? स्थळाकडच्यांना खरं सांगा, हुकूमनाम्याची पक्की नक्कल हातात आल्यावरच तारीख काढू म्हणा. माणसं चांगली असतील तर थांबतील.

तो स्टॅम्पचा कागद मात्र रागानं फाडू नका. घटस्फोट म्हणून त्याला किंमत नाही पण 2021 पासून तुम्ही वेगळे राहताय हे त्याच्याच सहीनं त्यावर लिहिलंय, अर्जाला तो लागणार आहे. मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, दोन झेरॉक्स काढा, आणि लग्नपत्रिका, मुलीचा जन्मदाखला, राजारामपुरीचा भाडेकरार घेऊन वकिलाकडं जा.