नवी मुंबईकराचा प्रश्न: इंग्रजांच्या काळी देवीचा रोगी निघाला की जहाज 40 दिवस अडकवत का? न्हावा-शेव्यालाही?

नाही, 40 दिवसांचा आकडा प्लेगच्या धास्तीतून व्हेनिसकडे रूढ झाला. देवीसाठी हिशेब साधारण दोन आठवड्यांचा. लागण झाल्यापासून ताप चढायला बहुधा 10 ते 14 दिवस जातात, त्यामुळे तेवढे दिवस कुणी आजारी पडलं नाही की धोका टळला. तोवर पिवळं निशाण, जहाज दूर नांगरलेलं, रोगी वेगळा, बाकीच्यांना लस. पुढे 1951 च्या आंतरराष्ट्रीय नियमांनीही 14 दिवसच धरले. मात्र मधेच नवा रोगी सापडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे मुक्काम लांबायचाच. न्हावा-शेव्याचं म्हणाल तर ते बंदर 1989 चं; देवीचं उच्चाटन 1980 लाच जाहीर झालं होतं.