रविवारचा रस्सा आणि रोजचा चहा

प्रश्न : सासरे 66 वर्षांचे आहेत. चार वर्षांपासून साखर आहे, गोळ्या चालू आहेत. त्यांनी साखर बंद करून गूळ सुरू केलाय. ‘गुळानं काय हुतंय? आमच्या बापजाद्यांनी गूळच खाल्ला,’ म्हणतात. चहा दिवसातून पाच वेळा, पण अर्धाच कप घेतात. आमचे हे शनिवारी पुण्याहून येतात ते ओट्स, किन्वा आणि ऑलिव्ह ऑइल घेऊनच, आणि रविवारचं मटण बंद करा म्हणतात. सासूबाईंचं एकच : भात सोडा, बाकी काहीही खा. स्वयंपाक मी करते. मी कुणाचं ऐकू?
— एक सून, राजारामपुरी

उत्तर : ताई, पळी तुमच्या हातात आणि तुमचंच मत कुणी विचारलेलं नाही. म्हणून हे उत्तर तुम्हाला. घरात वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या घरात भांडण रविवारच्या रश्श्यावरून चाललंय आणि रोजचा चहा मुकाट्यानं निसटून जातोय. अर्धा कप असला तरी त्यात गूळ किती, ते एकदा चमच्यानं मोजा. दोन चमचे म्हणजे साधारण 10 ग्रॅम. पाच वेळचे 50 झाले. वरून घातलेली साखर, गूळ, मध सगळं धरून दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असलेलं बरं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तेही धडधाकट माणसाला. म्हणजे ताट वाढायच्या आधीच दुप्पट झालं.

माझं माहेर करवीर तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ होतं. काहिलीतली गरम काकवी भाकरीवर घेऊन मी वाढले, त्यामुळे गुळाविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. पण खरं ते सांगते. 100 ग्रॅम साखरेत 400 उष्मांक, गुळात 380च्या आसपास. गुळात थोडं लोह असतं, थोडी इतर खनिजं असतात, पण बहुतेक सगळा ऐवज साखरेचाच. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, मलाही त्याचा अभिमान आहे. आबांचं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं, स्वादुपिंड मात्र मानांकन बघत नाही. (गूळ घ्यायचाच तर पिवळाधमक घेऊ नका. तो रंग बऱ्याचदा गूळ उजळवायला घातलेल्या हायड्रॉस पावडरीचा असतो. काळपट तांबूस गूळ दिसायला गरीब, पण बरा.)

बापजाद्यांचं म्हणाल तर ते गूळ खाऊन दिवसभर मोटेमागं आणि नांगरामागं चालायचे. आबा दुपारी कुठवर चालतात, ते पत्रात आलेलं नाही. चहा पाचाचा तीनवर आणा. दोन बिनगुळाचे, एक त्यांच्या मर्जीचा, अर्ध्या चमच्याचा. पहिले पंधरा दिवस घरात धुसफूस होईल, ती होऊ द्या.

आता रस्सा. आठवड्यातून एकदा मटण खाल्ल्यानं काही बिघडत नाही. चार फोडी मटणातून चांगली प्रथिनं मिळतात. बिघडतं ते पातेल्याचा तळ दिसेपर्यंत वाटीमागून वाटी ओरपण्यात, आणि पांढऱ्यासोबत भाताचा दुसरा डोंगर घेण्यात. एक काम करा. अळणी, म्हणजे मटणाचं बिनमसाल्याचं सूप, शनिवारी रात्रीच शिजवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर धरलेला दिसेल, तो चमच्यानं काढून टाका. मग त्याच अळणीचे दोन्ही रस्से करा. तांबड्याचा रंग मिरचीचा असतो, तेल तो नुसता वर आणून दाखवतं. चांगली ब्याडगी असेल तर तेल निम्मं करूनही तवंग दिसतो. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस, म्हणजे दिसायला सोज्वळ तोच जास्त जड. आबांना पांढरा एक वाटी, तांबडा दोन. त्या दिवशी पापड, लोणचं आणि खर्डा तिन्ही एका ताटात नकोत. दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, ते एका रश्श्यातच बरंचसं भरतं. आबांना रक्तदाब आहे का, तेही तुम्ही लिहिलेलं नाही.

सासूबाईंचा भाताचा मुद्दा अर्धा खरा आहे. भात सोडला आणि त्या जागी तीन भाकरी खाल्ल्या, तर पिष्ट पोटात गेलंच. शाळूच्या भाकरीत चोथा जास्त, म्हणून ती उजवी, पण दोनच. सोबत घट्ट आमटी, एक पालेभाजी आणि काकडी किंवा मुळा. थंडीत हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाचं गरम सूप, करा. ते पोटाला धरतं, पटकन भूक लागत नाही. भात अगदी सोडायला लावू नका, मूठभर राहू द्या. एक मात्र सांभाळा. गोळ्या चालू असताना रात्रीचं जेवण एकदम तोडलं तर साखर घसरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

राहिले तुमच्या ह्यांचे डबे. ओट्स चांगले आहेत, त्यातला एक चोथा कोलेस्टेरॉल उतरवायला खरंच मदत करतो. पण साधे आणा. मसाल्याच्या पाकिटात मीठच फार. किन्वाही वाईट नाही, फक्त तेवढ्या पैशांत शाळू आणि मूग दोन्ही येतात. आणलाच आहे तर संपवा, उगीच नवरा-बायकोत वाद कशाला!

प्रश्न : मुलगा 17 वर्षांचा, वजन 60 किलो, रोज तालमीत जातो. वस्ताद धारोष्ण दूध पी म्हणतात, मित्र प्रोटीन पावडर सांगतात. घरात अंडी चालत नाहीत.
— एक वडील, शिवाजी पेठ

उत्तर : गावाकडनं शहरात आलो की वडील मला गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर न्यायचे. म्हैस समोर उभी, धार चरवीत, आणि फेसानं आमच्या मिशा पांढऱ्या. त्या चवीची सर कशाला नाही. तरी मी मुलाला उकळलेलंच दूध द्या म्हणेन. जनावराला ब्रुसेला असेल तर तो कच्च्या दुधातून माणसात येतो. येऊन-जाऊन ताप, सांधे धरणं, महिनोन्‌महिने अशक्तपणा. असा एक तरुण पैलवान माझ्याकडे आहारासाठी आला होता, त्याचं अख्खं वर्ष तालमीबाहेर गेलं. उकळल्यानं प्रथिनं कमी होत नाहीत, वस्तादांना एवढं जरूर सांगा.

इतक्या मेहनतीच्या मुलाला दिवसाला 85-90 ग्रॅम प्रथिनं लागतील. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात 20 ग्रॅम मिळतात. भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगदाणे, दोन वाट्या आमटी, दही, चार भाकरी धरून तो सत्तरीपर्यंत पोचतो. उरलेलं सोयाबीनच्या उसळीतून भरून निघेल. व्हे पावडर म्हणजे दुधाच्या निवळीतलंच प्रथिन, विष नव्हे. पण घरचं ताट भरलेलं असताना डबा घ्यायची गरज मला दिसत नाही. थंडाई जरूर द्या, साखर हात राखून.

प्रश्न : घाण्याचं शेंगतेल चांगलं की ऑलिव्ह?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : फोडणीला शेंगतेल. पण माणशी महिन्याला अर्धा लिटर, त्यात तळणही आलं. तुमच्या घरातला पाच लिटरचा डबा किती दिवसांत रिकामा होतो, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि मला कळवा.