गच्चीवरची पंगत, डास आणि घरी केलेली मेणबत्ती : तुमचे प्रश्न

उन्हाळा आला की जेवणं घराबाहेर सरकतात, गच्चीवर आमरस, अंगणात मुंजीच्या पंगती, शेतावर रात्रीचं पिठलं-भाकरी, आणि ताट वाढलं रे वाढलं की पायाशी डास. या वेळच्या टपालात आणि मेलमध्ये डास पळवणाऱ्या मेणबत्त्यांबद्दल इतके प्रश्न आलेत की हा अख्खा भाग त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मे महिन्यात वीस-पंचवीस जणांची आमरस पार्टी असते. या वर्षी सिट्रोनेला नावाच्या गवताच्या सुवासिक तेलाच्या मेणबत्त्या घरीच करायच्यात. रीलमध्ये प्रत्येकजण वेगळं प्रमाण सांगतं, कोणी पाव बाटली तेल ओततं तर कोणी चार थेंब. नीट कृती द्याल का? (पुणे)

देते, आणि जरा सविस्तरच देते कारण इथे घाई केली की भाजतं.

एका मेणबत्तीला २०० ग्रॅम मेण धरा. पॅराफिन चालेल, सोया वॅक्स मिळालं तर तेही चालेल, पण ते मऊ असतं आणि आपल्या मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवलं तर आधीच पातळ होऊन बसतं, म्हणून मी तरी बाहेरच्या कामाला पॅराफिनच सांगेन. भांडं म्हणून स्टीलचा उंच काठाचा छोटा डबा घ्या, साधारण ३०० मिलीचा, म्हणजे मेण भरल्यावर वर दोन बोटं काठ उरतो आणि वाऱ्याने ज्योत लगेच विझत नाही. काचेचा ग्लास नको. साधी काच तापून तडकते आणि वितळलेलं गरम मेण टेबलावर, मांडीवर कुठेही जातं.

वात सुतीच हवी, मेणात बुडवून वाळवलेली. मेणबत्तीच्या सामानाच्या दुकानात पत्र्याच्या चकतीसकट तयार मिळते तीच आणा, देवाची फुलवात किंवा जाड सुतळी नको, तिने नुसती काजळी धरते. डब्याचं तोंड आठ-दहा सेंटिमीटर असेल तर दोन वाती लावा, तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवून. एकच वात असली तर मधोमध खड्डा पडत जातो, कडेचं मेण तसंच राहतं आणि वासही पसरत नाही कारण तेल उडतं ते वितळलेल्या मेणाच्या तळ्यातूनच, तळं जेवढं मोठं तेवढा वास जास्त.

मेण वितळवताना भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही, मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दुसरं भांडं ठेवायचं. पॅराफिन साधारण ६० अंशाच्या आसपास वितळतं, त्याला मोठी आच लागतच नाही. सगळं वितळलं की गॅस बंद करा, भांडं ओट्यावर घ्या, कडेला साय धरायला लागली की मग सिट्रोनेला तेल घाला, २०० ग्रॅमला दोन छोटे चमचे म्हणजे १० मिली, त्याच्या वर नाही. हे तेल लवकर पेट घेतं, म्हणून पेटत्या गॅसशेजारी बाटली उघडायचीसुद्धा नाही. आणि जास्त घातलं की जास्त डास पळतात असं काही नाही, मेण ठरावीक तेवढंच तेल धरून ठेवतं, बाकीचं वर तरंगतं आणि पेटवल्यावर भडका होतो. पाव बाटलीवाली रील कृपा करून विसरा.

एक मिनिट हलक्या हाताने ढवळून डब्यात ओता, वाती कपड्याच्या चिमट्यात धरून उभ्या ठेवा. गार झालं की वातीपाशी खळगा पडतो, थोडं मेण राखून ठेवलेलं असेल तर त्याने भरून काढा. दोन दिवस झाकून ठेवा आणि मगच वापरा. पेटवण्याआधी वात कापून अर्ध्या सेंटिमीटरवर आणा, पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचा थर काठापर्यंत वितळू द्या, आणि एका वेळी चार तासांच्या वर जाळू नका.

करताना मेणाने पेट घेतलाच तर झाकण टाकायचं आणि गॅस बंद. पाणी अजिबात नाही, जळत्या मेणावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण उडतं. म्हणून झाकण आधीपासून हाताशी ठेवा आणि मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

मांडताना टेबलाच्या मधोमध एक शोभेची ठेवून भागत नाही. डास घोट्यांवर येतात, म्हणून मेणबत्त्या खाली, बसायच्या जागेपासून एक-दीड मीटरवर, आणि वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला, म्हणजे वास माणसांकडे येईल. मात्र रांगत्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत आणि साडीचा पदर-ओढणी जवळून जाणार नाही अशी जागा बघा. वीस-पंचवीस जणांना पाच-सहा तरी लागतील.

प्रश्न : मिस्टर म्हणतात या मेणबत्त्यांनी काही होत नाही, नुसता वास. मी म्हणते फरक पडतो. खरं काय? (नाशिक)

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. १९९६ मध्ये कॅनडात एक चाचणी प्रसिद्ध झाली, तीन टक्के सिट्रोनेलाच्या मेणबत्त्यांजवळ बसलेल्या लोकांना सुमारे ४२ टक्के कमी डास चावले, पण गंमत बघा, साध्या बिनवासाच्या मेणबत्तीजवळसुद्धा सुमारे २३ टक्के कमी चावले. म्हणजे सिट्रोनेलाचा स्वतःचा वाटा अर्ध्याच्या जवळपास. आणि २०१७ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठात डेंग्यूच्या एडिस डासावर तपासलं तेव्हा सिट्रोनेलाच्या मेणबत्तीचा काही परिणाम दिसला नाही. त्याच चाचणीत डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेले आणि लेमन युकॅलिप्टसच्या तेलाचे स्प्रे मात्र चालले.

माझं म्हणणं असं, की मेणबत्तीवर एकटीवर भरवसा ठेवू नका, ती मदतनीस आहे. खरं काम पंखा करतो. डास फार हळू उडतो, चालत्या माणसापेक्षाही हळू, त्याला साध्या टेबल फॅनच्या झोतात नीट उडताच येत नाही, शिवाय आपल्या श्वासाचा आणि घामाचा वास ज्याच्या मागावर तो येतो तोही वाऱ्याने फाटतो. गच्चीवर एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन दोन उभे पंखे लावा आणि ते गुडघ्याच्या उंचीवर वळवा. मेणबत्त्या मग त्या झोतात ठेवायच्या नाहीत, ज्या कोपऱ्यात पंखा पोचत नाही तिकडे ठेवा.

आणि त्याच्याही आधीचं काम म्हणजे पार्टीच्या किमान आठ-दहा दिवस आधी गच्चीवर एक चक्कर मारणं. कुंड्यांखालच्या ताटल्या, टाकीचं उघडं झाकण, जुने टायर, कूलरचं पाणी, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं. पक्ष्यांचं पाणी बंद करू नका हं, रोज ओतून भांडं घासून परत भरा, तेवढं पुरतं. ज्या हौदात पाणी ठेवावंच लागतं तिथे गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात, बऱ्याच ठिकाणी महापालिकेच्या मलेरिया विभागाकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळतात.

प्रश्न : परसात गवती चहा भरपूर आहे. त्याची पानं वाटून मेणात घातली तर? आणि कापूर, डांबरगोळ्या घातल्या तर जास्त स्ट्राँग होईल का? (कोल्हापूर)

पानं वाटून नको, त्यात पाणी असतं, ते गरम मेणात तडतडतं आणि नंतर वातीशी आलं की ज्योत फडफडून विझते. वाळवून घातली तर आणखी वाईट, वाळलेलं पान म्हणजे दुसरी वातच झाली, मेणबत्ती मधेच दोन-तीन ठिकाणी पेटते. लिंबाच्या चकत्या, लवंगा, फुलं लावलेल्या मेणबत्त्या फोटोत छान दिसतात, पेटवायला नाहीत.

गवती चहा आणि सिट्रोनेला एकाच कुळातली गवतं, पण तेलं वेगळी. गवती चहाच्या तेलात मुख्य सिट्रल असतं आणि सिट्रोनेलाच्या तेलात सिट्रोनेलाल आणि जिरॅनिऑल. आपल्याकडे खानदेशात रोशा गवताचं तेल पूर्वापार काढतात, त्यात हे जिरॅनिऑल भरपूर असतं आणि इस्रायलमध्ये झालेल्या एका चाचणीत जिरॅनिऑलच्या मेणबत्त्या सिट्रोनेलाच्या मेणबत्त्यांपेक्षा चांगल्या चालल्या होत्या. तर शुद्ध रोशा तेल मिळालं तर दोन चमच्यांपैकी एक चमचा त्याचा घालून बघायला हरकत नाही, वासही गुलाबासारखा सुंदर येतो. आपल्या मातीतलं गवत आहे आणि लोक बाहेरून आलेल्या बाटल्या शोधत बसतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

कापूर नको, तो मेणात असला की एकदम भडकतो. डांबरगोळ्या तर कधीच नाही, जेवणाच्या जागी त्याचा धूर श्वासात घ्यायचा ही कल्पनाच घातक आहे.

प्रश्न : गावी मुंज आहे, अंगणात झावळ्यांचा मांडव घालणार. करवंट्यांमध्ये मेणबत्त्या करून मांडवभर लावायची मुलांची आयडिया आहे, दिसायलाही मस्त. चालेल ना? (रत्नागिरी)

नाही चालणार. मुलांना वाईट वाटेल पण नाहीच. करवंटी आपण चुलीत घालतो ती कशासाठी, धडधडून जळते म्हणूनच ना, आतलं मेण संपत आलं की ज्योत करवंटीला लागते. वर वाळलेल्या झावळ्या, बाजूने कापडी झालर, खाली गवत, आणि शंभर माणसं. मांडवात उघडी ज्योत नकोच, पंखे लावा, संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी डासांचं क्रीम एका ताटलीत ठेवा. मेणबत्त्या लावायच्याच असतील तर मांडवापासून लांब, मोकळ्या जागी, स्टीलच्या डब्यात आणि खाली वाळूची थाळी, आणि एक मोठं माणूस त्याच्यासाठीच नेमलेलं. मातीची पणतीसुद्धा कच्ची घेऊ नका, ती मेण शोषते आणि बाहेरूनही जळायला लागू शकते. करवंट्या मुलांना रंगवू द्या आणि त्यात सेलवरचे छोटे दिवे ठेवा.

प्रश्न : घरात सहा महिन्यांचं बाळ आहे आणि मांजरही. बाल्कनीत रोज लावली तर? (ठाणे)

रोज नको. बाळाला मच्छरदाणी आणि पातळ सुती पूर्ण बाह्यांचे कपडे हेच सगळ्यात चांगलं, क्रीम लावायचं असेल तर वेष्टनावरचं वय वाचून आणि डॉक्टरांना विचारून. मांजरांचं यकृत अशा सुवासिक तेलांचा निचरा नीट करू शकत नाही, म्हणून तेलाची बाटली, सांडलेलं तेल आणि पातळ मेण तिच्या पंजाला लागू देऊ नका, ती चाटून साफ करते आणि ते पोटात जातं. आणि हो, निलगिरीचं तेल बाळाच्या अंगाला लावायचा सल्ला खूप जणी देतात, तो ऐकू नका. चाचणीत चाललेलं लेमन युकॅलिप्टसचं तेल वेगळं, आपल्या दुकानातलं सर्दीचं निलगिरी तेल वेगळं, आणि ते पहिलंसुद्धा तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत.

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याला काजवे बघायला जातोय, रात्री बाहेर थांबणार. मेणबत्त्या नेऊ का? (मुंबई)

कृपया नेऊ नका. काजवे एकमेकांना प्रकाशाच्या इशाऱ्यांनी शोधतात, आपल्या दिव्यांनी, मोबाइलच्या टॉर्चने त्यात अडथळा येतो, आणि त्यांचं मोठेपणीचं आयुष्य असतंच मुळी काही आठवड्यांचं. शिवाय अभयारण्याचा भाग, पाऊस लांबला तर गवत कोरडं खडखडीत. पूर्ण बाह्या, मोजे, निघण्याआधीच गाडीत क्रीम लावून घ्या, आणि झाडांच्या जवळ जाऊन स्प्रे मारू नका. आग्या मोहोळ असेल तिथे तर धूर आणि उग्र वास दोन्ही टाळा, माश्या चवताळतात.

प्रश्न : वळीव पडून गेला की जेवणावर पंखवाली पाखरं येतात, त्यांच्यासाठी कुठलं तेल? (लातूर)

कुठलंच नाही. ती वाळवीची पाखरं असतात, उजेडाकडे येतात, मेणबत्तीकडेसुद्धा येतात. पांढरा दिवा बंद करून जेवणापासून लांब कुठेतरी एक लावा, ताटाजवळ मंद पिवळा ठेवा. तास-दीड तासात बहुतेक ओसरतात.

प्रश्न : आमच्या बचत गटाला या मेणबत्त्या करून विकायच्यात, नाव ठरलंय आणि लेबलवर डास पळवणारी असं छापणार आहोत. (सातारा)

मेणबत्त्या जरूर करा, पण लेबल छापायच्या आधी थांबा. डास पळवते किंवा मारते असा दावा केला की माल १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कक्षेत येतो आणि त्याला केंद्रीय मंडळाची नोंदणी लागते, छोट्या गटाला ते काम सोपं नाही. सध्या सिट्रोनेला सुगंधाची मेणबत्ती एवढंच लिहा आणि पुढचं जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात विचारून घ्या. लेबलवर वजन, तेलाचं नाव, वात कापायची सूचना, मुलांपासून दूर आणि पेटती सोडून जाऊ नये हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. प्रत्येक नव्या डब्याची एक मेणबत्ती आधी पूर्ण जाळून बघा, शेवटच्या तासात डबा किती तापतो ते खास बघा, कारण गिऱ्हाईक ती प्लॅस्टिकच्या टेबलावर ठेवणार आहे. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरलं की विझवावी, हेही लेबलवर घाला.