गाळाची राख पेव्हर ब्लॉकमध्ये चालेल का?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. परदेशात सांडपाण्याचा गाळ जाळून त्याची राख काँक्रीटमध्ये घालतात, असं कळलं. आपल्याकडचा वाळलेला गाळ वीटभट्टीत जाळून ती राख फ्लाय अ‍ॅशऐवजी, म्हणजे वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेऐवजी, वापरू का?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : भट्टीत गाळ जाळू नका, हे आधी सांगतो. हाँगकाँगला तुएन मुनमध्ये दिवसाला २,००० टनांपर्यंत गाळ जाळायची सोय आहे. पण तिथे ८५० अंशांची बंदिस्त भट्टी आहे आणि धूर गाळूनच बाहेर सोडतात. गाळात पारा असला तर तो धुरावाटे उडतो, जस्त-तांबं-क्रोमियम राखेत साठतं. आपल्या गावात रंगाईचे कारखाने किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या भट्टीचा धूर शेजारच्या वस्तीतच जाणार.

राख मात्र खरंच कामाची आहे. सिलिका, अ‍ॅल्युमिना, चुना, लोह सगळं तिच्यात असतं. एका विद्यार्थ्याने परदेशातून पिशवीभर आणली होती, विटकरी रंगाची. सिमेंटचा पाचवा हिस्सा काढून ती घातली, तर मसाला घमेल्यात कोरडा ठक्क! फ्लाय अ‍ॅशचे कण गोल, मसाल्यात घरंगळतात. हिचे खडबडीत, स्पंजसारखे, पाणी पिऊन बसतात. दुसऱ्या दिवशी क्यूबवर, म्हणजे चाचणीसाठी ओतलेल्या ठोकळ्यावर, अंगठ्याचं नख दाबलं, तर खूण उमटली. राखेतला फॉस्फेट सिमेंटला लवकर सेट होऊ देत नाही. मिक्सरवरचा माणूस अशा वेळी हमखास बादलीभर पाणी ओततो. ब्लॉकची ताकद तिथेच जाते.

म्हणून तुम्ही फ्लाय अ‍ॅश सोडू नका. आहेरवाडी-फताटेवाडीचं १,३२० मेगावॉटचं वीजकेंद्र उशाशी आहे. शिवाय फ्लाय अ‍ॅशचं मानक, आयएस ३८१२, कोळशाच्या राखेसाठी आहे; गाळाची राख त्यात बसत नाही.

उद्या नीट जाळलेली राख कुठून मिळालीच, तर बारीक दळून घ्या, सिमेंटच्या दहा टक्क्यांपासून सुरुवात करा आणि स्लॅबला अजिबात नको, फुटपाथच्या ब्लॉकलाच वापरा. पाण्याऐवजी प्लॅस्टिसायझर (कमी पाण्यात मसाला सैल ठेवणारं रसायन) वाढवा. ब्लॉकमधून धातू पाण्यात झिरपतात का, ही चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्या. तिचा खर्च वाचवू नका. ताकद पाहायला क्यूब सात आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडाच, पण ही राख ताकद सावकाश धरते, म्हणून तीन क्यूब नव्वदाव्या दिवसासाठी पाण्यात ठेवून द्या.