‘वाचतो, पण डोक्यात शिरत नाही’

“मॅडम, तास-तास वाचत बसतो. काय वाचलंस विचारलं, की गप्प. याच्या डोक्यातच काही कमी आहे का हो?” आठवीतल्या मुलाला शेजारी बसवूनच आई विचारत होती. तो बुटाच्या नाडीशी चाळा करत होता. ही काळजी घेऊन येणारे पालक मला नेहमी भेटतात, आणि मूल समोर असताना हे बोलू नका, असं मी दर वेळी सांगते.

दप्तरातून त्याने क्लासच्या नोट्स काढल्या. झेरॉक्सची झेरॉक्स. कडेला काळा पट्टा, मधल्या ओळी राखाडी. म्हटलं, वाच. “वस्तूची धनता...” थांबला, मागे गेला, पुन्हा “धनता”. शिरोरेषा उडाल्यामुळे ‘घ’चा ‘ध’ झाला होता. अनुस्वार तर कुठेच नव्हते. सहा ओळींना तीन मिनिटं लागली आणि शेवटी हाती काहीच नाही.

मग शाळेचं पुस्तक उघडलं. तोच मजकूर दिला असता तर आधीच्या वाचनाचा फायदा झाला असता, म्हणून पुढचा, न वाचलेला परिच्छेद दिला. सरळ वाचला. लाकूड का तरंगतं, विचारलं. “घनता पाण्यापेक्षा कमी आहे ना.” आई माझ्याकडे बघतच राहिली.

मी तिला समजावलं ते असं. वाचताना डोळा एकेका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो. तेवढ्यात मेंदूच्या डाव्या बाजूचा, मागचा-खालचा एक भाग अक्षरं ओळखून शब्द पुढे देतो आणि मग अर्थ लागतो. 1980 मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या मेंदू-संशोधकांनी दाखवलं, की वाक्यात न बसणारा शब्द आला की सुमारे 400 मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठरावीक विद्युत लहर उमटते. पुढच्या प्रयोगांत शब्द पुसट करून दाखवले, तर तीच लहर उशिरा आली. म्हणजे अक्षर ओळखायलाच वेळ गेला, की अर्थ लावणंही मागे पडतं. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तरी दोन गोष्टी करायला लावल्याच. डोळे तपासून घेतले. थोडा नंबर निघाला. आणि स्वच्छ छपाई वाचतानाही मूल असंच अडखळत राहिलं, तर वाचन-अक्षमतेची चाचणी टाळायची नाही, हेही बजावलं. याच्या बाबतीत तशी वेळ आली नाही.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. हवी ती पानं आई आता त्यातूनच ठळक छापून आणते. क्लासच्या नोट्स अजून तशाच येतात. त्या आधी ती स्वतः वाचते आणि तिला जिथे अडतं, तिथे मुलाकरवी मूळ वही मागवते. परवा फोनवर म्हणाली, “मॅडम, मलाच चार ठिकाणी अडलं.”